घासलेली निब

१

दर रविवारी सकाळी दहाला चार शहाणीसुरती माणसं एका टेबलाभोवती बसत आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहीत. ते याला बैठक म्हणत. त्यांच्या घरचे काय म्हणत, ते न सांगितलेलंच बरं.

खोली बाइंडरच्या कारखान्यावरची. खाली आठवडाभर पुस्तकं शिवली जात, त्यामुळे वर सुट्टीच्या दिवशीही खळीचा वास असे आणि खुर्चीवर बसण्याआधी कागदाचे कपटे झटकावे लागत. बाइंडर हा यजमान. कापून उरलेल्या कागदांची एक जाडजूड वही त्याने बैठकीसाठी शिवली होती. एक पान गुळगुळीत तर पुढचं खरखरीत. शाईवाल्या बाई शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या आणि घरी शाया बनवायच्या. त्यांची बोटं कधी स्वच्छ दिसली असती तर लोकांनी तब्येतीची चौकशी केली असती. तिसरा कोर्टातला टायपिस्ट. सहा दिवस लोकांची भांडणं यंत्रावर बडवायची आणि सातव्या दिवशी आपलं अक्षर अजून शाबूत आहे का ते बघायला यायचं, असा त्याचा नेम.

चौथे सर्जन. हे नाव टायपिस्टाने ठेवलेलं. ते मूळचे ड्राफ्ट्समन, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पस्तीस वर्षं नळांचे नकाशे काढून निवृत्त झालेले. डोळ्याला भिंग लावून, बारीक पॉलिश कागदावर निब घासून ते कुठलंही खरखरणारं पेन गुळगुळीत चालवून दाखवत. हातात कला होती, यात वाद नाही. पण त्या हाताला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. कुणाची निब ठणठणीत असली तरी सर्जन ती उजेडात धरून म्हणायचे, "जरासा हात फिरवू का?" आणि समोरचा नाही म्हणायच्या आत फिरवलेलाही असे.

बैठकीचे नियम दोनच. कुणी नवं-जुनं पेन आणलं की ते टेबलाभोवती फिरायचं आणि प्रत्येकाने वहीत ठरलेली ओळ लिहायची: 'कृश म्हाताऱ्याने क्षणभर थांबून झऱ्याचं थंड पाणी ओंजळीत घेतलं.' ओळ सर्जनांचीच; जोडाक्षरं, गाठी, वळणं, सगळं तिच्यात कोंबलेलं. "अख्खा झरा पोटात गेला असेल एव्हाना त्या म्हाताऱ्याच्या," असं टायपिस्ट दर रविवारी म्हणायचा, आणि दर रविवारी बाई हसायच्या. दुसरा नियम, लिहिणाऱ्याकडे बघायचं नाही. बघितलं की हात आखडतो, मग पेनाची परीक्षा होत नाही, माणसाची होते. सगळ्यांचं लिहून झालं की वही मधोमध यायची आणि मग चर्चा.

२

त्या रविवारी सर्जनांनी आणलेलं पेन त्यांचं नव्हतं. बायकोचं होतं. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

काळं, साधं, टोपणाची कडी सैल झालेलं पेन. वाचनालयात सव्वीस वर्षं तिने त्याच पेनाने पुस्तकांची कार्डं लिहिली. ती डावखुरी होती. निब तिच्या हाताने झिजून एका अंगाला तिरकी झाली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणी लिहायला घेतलं की कागदावर खर्र आवाज व्हायचा. "माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही ते," ती कौतुकाने सांगायची. सर्जनांच्या डोळ्यात ती तिरकी निब सव्वीस वर्षं सलत होती. आता ती तिरकी नव्हती. त्यांनी घासून सरळ केली होती.

मुलीचा फोन आला होता.

"बाबा, आईचं पेन हवंय मला. पुढच्या रविवारी तिकडे काम आहे, तेव्हा घेऊन जाईन."

"अगं मग घरीच ये ना. जेवून जा."

"घरी नको. तुमची ती बैठक असते ना, तिथे येते. अकराला."

आई गेल्यापासून तिने घरात पाऊल ठेवलं नव्हतं. भांडली नव्हती, हीच पंचाईत होती. भांडली असती तर समजूत काढता आली असती. सर्जनांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पेन हातात ठेवायचं आणि हळूच म्हणायचं, आईचं कपाट तसंच आहे गं, तू आल्याशिवाय मी हात लावला नाही. मग ती येईल. ही एकुलती एक मुलगी. ती तुटली तर त्यांना नात्याने हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं. फक्त निब घासल्याचं तिला कळता कामा नये. लहानपणी ती आईच्या मांडीवर बसून त्याच पेनाने रेघोट्या मारायची. म्हणून घासल्याची काही खूण लागते का, ते आधीच्या रविवारी तीन परक्या हातांकडून लिहून घेऊन बघायचं त्यांनी ठरवलं. आपल्या हाताला आपलं काम नेहमीच बरं वाटतं.

पेन फिरलं. सर्जन शिस्तीत खिडकीकडे तोंड करून बसले. वही मधोमध आली.

"झकास," बाइंडर म्हणाला. "कुठे अडकत नाही, काही नाही."

सर्जनांनी भिंग लावलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबले. ती टायपिस्टाची होती. 'कृश म्हाताऱ्याने क्षणभर थांबून दिवा डोळ्यावर येतोय.'

"हे काय लिहिलंत?"

टायपिस्टाने वाकून वाचलं. "मी? छे हो." मग पुन्हा वाचलं आणि हसला. "कोर्टाची सवय. कान एकीकडे, बोटं दुसरीकडे. कुणीतरी म्हणालं असेल, मी घेतलं उतरवून."

"कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. खोलीत दिवाही लागलेला नव्हता. सकाळचं लख्ख ऊन टेबलापर्यंत आलं होतं.

बाई विषय बदलून शाईबद्दल बोलू लागल्या. सर्जनांचं लक्ष नव्हतं. शब्द एक वेळ चुकतात. त्यांना खटकलं ते अक्षर. तिन्ही ओळी डावीकडे कललेल्या होत्या. आणि तिन्ही ओळींत शिरोरेषा शब्दाच्या शेवटून सुरुवातीकडे ओढली होती. त्यामुळे प्रत्येक शब्दाच्या तोंडाशी एक बारीक शेपटी राहिली होती. अशी रेघ त्यांनी आयुष्यात एकाच माणसाची पाहिली होती, आणि त्यावरून तिला कितीदा टोकलंही होतं.

३

घरी येऊन त्यांनी पेन उघडलं, धुतलं, पुसलं, दुसरी शाई भरली आणि स्वतः लिहायला बसले. एक पान झालं, दोन झाली, पाच झाली. म्हातारा निमूटपणे ओंजळीत पाणी घेत राहिला. अक्षर सर्जनांचं नेहमीचंच, नकाशावरच्या नावांसारखं सरळ, ताठ.

त्यांनी स्वतःची समजूत घातली. निब तिरकी असली की पेन तिरकं धरावं लागतं, मग परक्याचंही अक्षर कलतं. शास्त्र आहे हे, यात घाबरायचं काय? एवढं बोलून त्यांना जरा बरं वाटलं, आणि लगेच आठवलं. निब तिरकी नव्हतीच. तो तिरकेपणा त्यांनी स्वतः, भिंगाखाली, कणाकणाने घासून काढला होता.

बुधवारी दुपारी कुरियरवाला आला. पन्नाशीचा, दम लागलेला माणूस. सर्जनांना भलतीच कल्पना सुचली.

"पोचपावतीवर मी सही करतोच. पण तुम्ही जरा तुमचं नाव लिहाल का इथे? या पेनाने. चालतंय का बघायचंय."

माणसाने खांदे उडवले, कागद दाराच्या चौकटीला टेकवला आणि जिन्याकडे बघतच दोन शब्द लिहून दिले. तो गेल्यावर सर्जनांनी कागद उजेडात नेला. डावीकडे कललेल्या अक्षरांत लिहिलं होतं, 'उशी काढा.'

ते तिथेच दारात खाली बसले. आता सारवासारव करायला जागा उरली नव्हती.

शेवटचे नऊ दिवस बायको इस्पितळात होती. घशात नळी घातलेली, त्यामुळे बोलता येत नव्हतं; पण शुद्ध होती, पूर्ण शुद्ध. पहिल्याच दिवशी तिने डाव्या हाताची बोटं जुळवून हवेत लिहून दाखवलं. पेन. सर्जनांना त्याच क्षणी कळलं, आणि त्यांनी नजर चुकवली. पेन घरी त्यांच्या टेबलावर पाच तुकड्यांत पडलं होतं. ती इस्पितळात गेली त्याच संध्याकाळी त्यांनी ते उघडलं होतं. घरी येईल तेव्हा तिला गंमत दाखवायची होती, कसं लोण्यासारखं चालतं बघ म्हणून. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा हात घसरला होता. निबेचं टोक जास्त घासलं गेलं होतं. मग ते सुधारायचं, मग सुधारलेलं सुधारायचं. "उद्या आणतो," ते तिला म्हणाले. दुसऱ्या दिवशीही म्हणाले, "उद्या." तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातात बॉलपेन ठेवलं.

बॉलपेन दाबावं लागतं. तिच्या बोटांत दाबण्याची ताकद नव्हती. कागदावर नुसते ओरखडे उठायचे. शाईच्या पेनाला जोर लागत नाही, नुसतं टेकवलं तरी ते लिहितं, हे रविवारच्या रविवारी लोकांना ऐकवणारा माणूस तिच्या उशाशी बसला होता आणि म्हणत होता, "जरा जोर लाव ना."

सहाव्या दिवशी तिने मूठ कानाला लावून दाखवली. फोन. "करतो, करतो," ते म्हणाले. केला नाही. मुलगी आली असती तर तिने पहिल्या झटक्यात विचारलं असतं, आईचं पेन कुठाय? डॉक्टर तर म्हणत होते की सुधारणा आहे. मुलीला फोन गेला तो नवव्या दिवशी, आणि ती पोचली तेव्हा चादर वर ओढलेली होती.

"काही म्हणाली का ती?" मुलीने विचारलं होतं.

"झोपूनच होती गं," सर्जन म्हणाले होते. "काही मागितलं नाही, काही नाही."

४

रविवार उजाडला. सर्जनांनी पेन चिंधीत गुंडाळून डबीत ठेवलं, डबी कोटाच्या आतल्या खिशात. हे पेन आज कुणाच्याही हाती द्यायचं नाही. सरळ मुलीच्या पर्समध्ये. पुढचं पुढे.

ती अकराला पाच कमी असतानाच आली. केस बारीक कापले होते, चेहरा ओढलेला. बाइंडरने खुर्ची झटकून दिली, बाई चहा ओतत म्हणाल्या,

"ही तुमची लेक? सांगितलंत नाही कधी, इतकी मोठी आहे म्हणून!"

"ते बरंच काही सांगत नाहीत," मुलगी म्हणाली. हसली नाही.

सर्जनांनी डबी पुढे केली. तिने चिंधी उलगडली आणि पेन तळव्यावर घेतलं. तिचा अंगठा टोपणाच्या सैल कडीवरून फिरत होता. सर्जनांनी पाठ केलेलं वाक्य ओठांवर आणलं. "आईचं कपाट आहे ना गं..."

"थांबा, थांबा, सर्जन!" टायपिस्ट मध्येच म्हणाला. "आधी नियम. कुणी पेन आणलं की ते फिरतं. मागच्या रविवारी तुमचं म्हणून फिरलं. आता हे पेन हिचं झालं की नाही?"

"पुढच्या वेळी बघू," सर्जन घाईने म्हणाले. "तिला उशीर होतोय."

"मला काही उशीर होत नाहीये," मुलगी म्हणाली. तिने वडिलांकडे नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच. "का बाबा? लिहू देत की त्यांना."

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? पेन बिघडलंय म्हणावं, तर कुणी बिघडवलं? बाइंडरने वही पुढे ओढली, एक कोरं पान काढलं, आणि सगळ्यांनी रीतीप्रमाणे नजरा दुसरीकडे वळवल्या.

५

पहिल्यांदा सर्जनांना ऐकू आला तो आवाज. खर्र. मग पुन्हा, खर्र.

ही निब आवाज करूच शकत नव्हती. भिंगाखाली त्यांनी तिचा एकेक ओरखडा काढला होता. आणि तरी रविवारच्या शांत खोलीत तो आवाज येत राहिला. संध्याकाळी शेजारच्या खोलीत बायको कार्डं लिहीत बसायची, तेव्हा यायचा अगदी तसाच. बाइंडर लिहून थांबला. वही सरकल्याचा आवाज. बाई लिहू लागल्या, खर्र. त्यांचं झालं, टायपिस्ट लिहू लागला. कुणाच्या कपाळावर आठी नाही, कुणाच्या तोंडून हूं की चूं नाही. तिघांनाही वाटत होतं की आपण म्हाताऱ्याला पाणी पाजलं.

वही मुलीसमोर गेली, आणि सर्जनांनी बैठकीचा नियम मोडला. त्यांनी बघितलं. ती समोरच्या बाजूला बसली होती, त्यामुळे पान त्यांना उलटं दिसत होतं. पण पस्तीस वर्षं टेबलाच्या पलीकडून नकाशे वाचलेल्या माणसाला उलटं काय आणि सुलटं काय.

'बॉलपेन नको.'

'फोन केलात का तिला.'

'आज कितवा दिवस.'

तिघांच्या तीन ओळी, एका हाताच्या. मुलीनेही त्या वाचल्या. वाचताना तिचा चेहरा हलला नाही. तिने निब कागदावर टेकवली आणि लिहू लागली. एक ओळ झाली, ती थांबली नाही. दुसरी झाली, तिसरी झाली. पान उलटलं. बाई छताकडे बघत होत्या, बाइंडर आपल्या नखांकडे, टायपिस्ट चहाच्या कपात. शिस्तीची माणसं.

पेन मुलीच्या डाव्या हातात होतं. ती डावखुरी नव्हती. आणि तिचं लक्ष कागदावर नव्हतंच. तिने मान किंचित डावीकडे कलती केली होती, बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे कान देऊन, आणि कुणी सांगतंय ते उतरवून घ्यावं तशी मध्येच मान हलवत होती. "हं," ती हळूच म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "हं. पुढे?"

सर्जनांना वाटलं, ओरडावं. तिच्या हातून पेन हिसकावून घ्यावं. पण त्यांना त्या क्षणी भीतीपेक्षा एका दुसऱ्याच गोष्टीने घेरलं होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली. त्यांना हेवा वाटत होता. आठवडाभर ते त्या पेनापुढे बसले होते, कितीतरी पानं भरली होती. त्यांच्या हाताला बायकोने एक अक्षर दिलं नव्हतं.

६

मुलीने पेनाला टोपण लावलं. मग पान वहीतून फाडलं.

"अहो, वहीचं पान..." बाइंडर बोलायला गेला आणि तिच्याकडे बघून त्याने वही मिटली.

तिने घडी घातली, आणखी एक घातली आणि कागद पर्समध्ये ठेवला. आता पेन धरायला तिने उजवा हात वापरला होता. तिचे डोळे कोरडे होते.

"बाबा, आई किती दिवस शुद्धीवर होती?"

"सांगितलंय ना तुला."

"पुन्हा सांगा. एकदाच."

ही शेवटची संधी आहे, हे सर्जनांना कळत होतं. इतकं स्पष्ट तर त्यांना उभ्या आयुष्यात काही कळलं नव्हतं. खरं बोललं तर ती रडेल, ओरडेल, चारचौघांत वाट्टेल ते बोलेल, आणि कदाचित कधीतरी घरी येईल. तिघं जण त्यांच्याकडे बघत होते. हे तिघं त्यांना सर्जन म्हणत. त्यांचा हात कधी चुकत नाही असं मानत.

"झोपूनच होती गं," ते म्हणाले.

मुलीने मान डोलावली. तिला राग आल्यासारखं दिसलं नाही. एखादी गोष्ट एकदाची संपली की चेहऱ्यावर जे येतं, ते आलं.

"काय लिहिलंय त्यात?" सर्जन पुढे वाकले. "माझ्याबद्दल काही आहे का? माझ्यासाठी काही?"

"नाही," ती उठत म्हणाली. "तुमच्यासाठी त्यात काहीच नाही."

"काहीच नाही? अगं, शिवी तरी असेल. बघ ना नीट."

"मी नीटच बघितलंय, बाबा. तुमचं नावसुद्धा नाही." तिने पेन टेबलावरून त्यांच्याकडे सरकवलं. "हे राहू दे तुमच्याकडे. निब छान घासलीय."

जिन्यावर तिची पावलं वाजली. बाईंनी उगाच चहाचे कप गोळा करायला घेतले. टायपिस्ट म्हणाला, "सर्जन, बसा जरा, पाणी देऊ का?" आणि मग स्वतःच ओशाळला.

सर्जन खिडकीशी गेले. खाली ऊन होतं, दुकानं बंद होती, रस्ता जवळजवळ मोकळा. मुलीने हात करून टॅक्सी थांबवली. मागचं दार उघडलं, पण ती आत बसली नाही. दार धरून उभी राहिली. दुसरा हात तिने कोपरापाशी वाकवून पुढे धरला होता, आधार द्यायला धरतात तसा. अशक्त माणसाला आत चढून, सरकून, नीट टेकून बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती तशी उभी होती. टॅक्सीवाल्याने आरशात मागे पाहिलं आणि घाई केली नाही. मग तिने दार हलकेच लावलं, गाडीला वळसा घालून पलीकडे गेली आणि दुसऱ्या दाराने आत बसली.

सर्जनांनी काचेवर हात आपटला. मोठ्याने हाक मारली, आधी लेकीला, मग बायकोला.

टॅक्सी निघाली. दोघींपैकी एकीनेही वर पाहिलं नाही.